आधी माणसं, मग झडती

"समुद्र कुठं अन् तुमची मीटिंग कुठं!" कडुबा दाभाडे लेकीच्या ताटात दुसरी भाकरी टाकत म्हणाले. "इथं नळाला आठ-आठ दिस पाणी येईना, अन् तुम्ही बसणार समुद्रावर बोलत."

सुकेशनीला हसू आलं. तटरक्षक दलात लागल्यापासून ती किनाऱ्याकिनाऱ्यानंच फिरली होती. पोरबंदर झालं, चेन्नई झालं, आता दोन वर्षं हल्दिया. पुंडलिकनगरातल्या या घरी ती वर्षातून एकदा यायची, तीही पाहुण्यासारखी. आई भामाबाई गेल्यापासून कडुबांनी स्वयंपाक स्वतःच्या हातात घेतला होता, आणि लेक आली की ते तिला वाढल्याशिवाय राहायचे नाहीत.

या खेपेला मात्र नोकरीच तिला घराजवळ घेऊन आली होती. भारत, बांगलादेश आणि श्रीलंका या तीन देशांच्या अधिकाऱ्यांची सागरी सुरक्षेवरची बैठक यंदा भारतानं भरवली होती. श्रीलंकेच्या पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा बघायचं होतं, म्हणून दिल्लीनं छत्रपती संभाजीनगर ठरवलं. भारताच्या शिष्टमंडळात सुकेशनी होती. मुक्काम हॉटेलात, पण पहिल्या संध्याकाळी ती रिक्षा करून घरी जेवायला आली होती.

"पण चार-चार दिस बोलता काय?" कडुबांनी विचारलं.

"समुद्रावर कुंपण नसतं, दादा. हद्द नकाशावर असते, पाण्यावर काहीच दिसत नाही. आमची नाव वाहत तिकडं गेली, त्यांची इकडं आली, तर काय करायचं? पकडायचं की वाचवायचं?"

"वाचवायचं. त्यात बोलायचं काय?"

"ती नाव चोराची निघाली तर?"

कडुबांनी भाकरीचं टोपलं बाजूला ठेवलं. "मंग अवघड हाय," ते म्हणाले.

बैठकही नेमकी तिथंच अडली होती. मसुद्यात सातवं कलम होतं, संकटात सापडलेल्या नावांचं. भारताचं म्हणणं होतं की जी गस्ती नौका जवळ असेल तिनं आधी मदतीला जावं, हद्द कुणाची हे नंतर बघावं. बांगलादेशचे कॅप्टन शफीउल आलम याला तयार नव्हते. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. आधी झडती, मग मदत, हा त्यांचा हेका.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात सुकेशनीनं त्यांना सरळच विचारलं, "बुडणाऱ्या माणसाची झडती कशी घेणार, कॅप्टनसाहेब?"

शफीउलनी समोरचा पाण्याचा ग्लास थोडा बाजूला सरकवला. "दोन वर्षांपूर्वी आम्हाला अशीच एक हाक आली होती. इंजिन बंद, पाणी शिरतंय, वाचवा. आमची बोट जवळ गेली. माझी माणसं त्या नावेवर चढली आणि आतून गोळ्या आल्या. दोन पोरं गेली. त्यांतल्या एकाच्या आईला मी स्वतः जाऊन सांगितलं." मग ते सुकेशनीकडे वळले. "तुम्ही कलम लिहाल, मॅडम. त्या कलमावर विसंबून नावेवर चढायचं माझ्या माणसांनी."

त्या सत्राच्या अध्यक्ष श्रीलंकेच्या कमांडर निलंती होत्या. त्यांनी सातवं कलम बाजूला ठेवून जेवणाची सुट्टी जाहीर केली. दुपारी पाहुण्यांना दौलताबादचा किल्ला दाखवायचा होता. बसमध्ये सुकेशनी खिडकीशी बसली आणि तिला सारखं वाटत राहिलं की त्या माणसाचं चुकत नाहीये. तिचंही चुकत नव्हतं. दोघांचंही बरोबर असलं की बोलणं कुठं न्यायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कार्तिक महिना होता. किल्ल्याच्या पायथ्याशी बायका सीताफळांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. मंडळी गाइडमागोमाग दरवाजातून आत शिरत होती, एवढ्यात सुकेशनीचा फोन वाजला. हल्दियाच्या नियंत्रण कक्षातून होता.

पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावरून निघालेला एक ट्रॉलर इंजिन बंद पडून वाहत बांगलादेशच्या हद्दीत गेला होता. नावेवर चौदा माणसं होती आणि तळाला फट पडून पाणी शिरत होतं. उपसागरात कमी दाबाचा पट्टा होता, वारा वाढत चालला होता. भारताची सगळ्यांत जवळची नौका पोचायला अंधार पडला असता. बांगलादेशची एक गस्ती नौका तासाभराच्या अंतरावर होती. ढाक्याला रीतसर संदेश गेला होता, उत्तर यायचं होतं.

"उत्तर कधी येईल?" तिनं विचारलं.

"मॅडम, ते वरपर्यंत जाईल, खाली येईल. सांगता येत नाही."

तिनं फोन बंद केला आणि शिष्टमंडळाचे प्रमुख राजेंद्र कुलथे यांना गाठलं. कुलथे दिल्लीत परराष्ट्र खात्यात होते, शब्द तोलून वापरणारा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शफीउलना सांगा. पण विनंती म्हणून सांगा. आपण कुठलीही हमी द्यायची नाही."

कॅप्टन शफीउल खंदकावरच्या पुलाजवळ एकटेच उभे होते. सुकेशनीनं त्यांना सगळं सांगितलं. बंगालीत सांगितलं. हल्दियाला राहून तिची बंगाली मोडकीतोडकी का होईना, चालत होती.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "नावेत काय आहे?"

"माहीत नाही."

"मासेमारीचीच नाव आहे, एवढं तरी?"

तिच्या ओठांवर 'हो' आलं होतं. हो म्हटलं असतं तर काम कदाचित लवकर झालं असतं. पण सकाळी त्यांनी ग्लास बाजूला सरकवला होता ते तिला आठवलं.

"नोंदणी मासेमारीची आहे," ती म्हणाली. "पण अशा नोंदणीच्या नावांत काय काय सापडतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. खोटं सांगत नाही. माझी नौका तिथं असती तर बंदुका तयार ठेवूनच मी जवळ गेले असते. पण गेले असते."

शफीउलनी तिच्याकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला आणि पुलाच्या कठड्याला टेकून बोलायला लागले. बोलताना ती अडखळली तरी ऐकलेलं तिला सगळं कळत होतं. ते आपल्या माणसांना सांगत होते की नावेवर चढायचं नाही. लांब उभं राहायचं, वाऱ्याच्या अंगानं रबरी तराफा सोडायचा, दोर बांधून. माणसांना एकेक करून तराफ्यावर उतरायला सांगायचं, हात वर, अंगावर काही नाही. सगळी आपल्या नौकेवर आली की त्यांना कोरडे कपडे द्यायचे. नाव रिकामी झाल्यावरच तिच्यावर पाय ठेवायचा.

फोन ठेवून ते म्हणाले, "ढाक्याहून हुकूम आलेला नाही. आमच्याच पाण्यात आमची नौका हलवायला मला हुकूम लागत नाही. पुढचं पुढं."

मंडळी किल्ला चढायला गेली. हे दोघं खालीच थांबले. चहाच्या टपरीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. टपरीवाल्यानं न विचारताच दोन कप आणून ठेवले आणि हिंदीत विचारलं, "साब, ऊपर नहीं जाते क्या? अंधारी, वो अंधेरा रास्ता, देखने की चीज है." शफीउलनी नकारार्थी मान हलवली.

"मी सकाळपासून 'आधी झडती' म्हणत होतो," ते काही वेळानं म्हणाले. "आणि आत्ता फोनवर उलटंच सांगितलं."

"उलटं नाही," सुकेशनी म्हणाली. "माणसं उतरवल्यावर झडती सोपी होते. रिकाम्या नावेतून गोळी कोण मारणार?"

त्यांनी कप हातात फिरवला. त्या दोन पोरांचा विचार त्यांच्या मनात आला असणार, हे तिला कळलं. आपण फार शहाणं बोललो की काय असं वाटून तिनं नजर वळवली. समोर किल्ला उभा होता, तटामागं तट, खंदकामागं खंदक. बांधणाऱ्यांनी शत्रूचा सगळा विचार केला होता. शेजाऱ्याचा विचार कुठं दिसत नव्हता.

उन्हं कलली तेव्हा शफीउलचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि बोटांनी एक आणि चार अशी खूण केली. चौदाच्या चौदा. एकाचा हात मोडला होता, बाकी सगळे धड होते. किल्ल्यावरून घामाघूम होऊन परतलेल्या निलंतीबाईंना बातमी कळली तशी त्यांनी पाटीवाल्या बाईकडून सीताफळं घेतली आणि बसमध्ये सगळ्यांना वाटली. तीन देशांची माणसं बिया हातात धरून, त्या कुठं टाकाव्यात म्हणून एकमेकांकडे बघत होती.

बस शहरात शिरत होती तेव्हा दुसरा फोन आला. या खेपेला शफीउलचा चेहरा बदलला. हॉटेलच्या पोर्चमध्ये उतरल्यावर त्यांनी सुकेशनीला बाजूला घेतलं.

"नाव तपासली. बर्फाखाली खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आहेत. खोकेच्या खोके. आमच्याकडे नशेसाठी विकतात, बंदी आहे त्यावर." आवाज नेहमीसारखाच शांत होता. "मला ढाक्याला कळवावं लागेल. तुम्हाला आधी सांगतोय असं समजू नका. दोघांना एकाच वेळी सांगतोय."

"समजलं," ती म्हणाली.

कुलथेंनी हे ऐकलं आणि ते कॉरिडॉरमध्येच थांबले. "तपास पुरा होईपर्यंत आपण काही बोलायचं नाही. नाव आमची आहे, हेसुद्धा नाही."

"सर, आमची नाव वाचवा असं दुपारी मीच त्यांना सांगितलंय."

"वाचवा म्हणणं वेगळं. नशेचा माल भारतातून आला असं आपण कबूल केलं, तर ते उद्या तिकडच्या पेपरात छापून येईल. पुढच्या प्रत्येक बैठकीत आपल्यासमोर ठेवतील. तुम्ही पाण्यावरचं बघता, दाभाडे. मला ही टेबलं सांभाळायची असतात."

ते भित्रेपणानं बोलत नव्हते. त्यांनी अशा बैठका एका वाक्यापायी मोडलेल्या बघितल्या होत्या. सुकेशनीनं आवाज खाली आणला.

"आपण गप्प बसलो तर चौदाही जण तिकडच्या तुरुंगात जातील, सर. माल कुणाचा, त्यातल्या किती जणांना तो माहीत होता, हे आपल्याच किनाऱ्यावर कळणार. आणि दुसरं असं, की उद्या त्यांची नाव आपल्याकडे वाहत आली आणि तिच्यात काही सापडलं, तर त्यांनी आपल्याला खरं का सांगावं?"

कुलथेंनी चष्मा काढून पुसला. "मी दिल्लीशी बोलतो," ते म्हणाले. "वेळ लागेल. तुम्ही घरी जाऊन या."

घरी कडुबांनी पिठलं टाकलं होतं. तिचा चेहरा बघून त्यांनी आधी वाढलं आणि मग विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

"मंग सांगून टाकायचं," कडुबा म्हणाले. "खरं बोलायला दिल्लीला इचारावं लागतं व्हय?"

"लागतं, दादा."

"का बरं?"

"मी एकटी बोलले तर ते सुकेशनी दाभाडेचं बोलणं होतं. उद्या दिल्लीनं नाही म्हटलं, की मी खोटी आणि तेही फसले. सगळ्यांच्या वतीनं खरं बोलायचं तर आधी सगळ्यांना तयार करावं लागतं. त्यालाच वेळ लागतो."

कडुबा भाकरीचा तुकडा मोडत विचार करत राहिले. जायकवाडीच्या धरणावर त्यांनी उभी नोकरी काढली होती, दरवाजे उघडण्या-मिटण्याच्या कामावर. वरून हुकूम आल्याशिवाय दरवाजा हलवायचा नाही, ही शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती. "बराबर हाय तुझं," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं लई सोपं असतंय." मग त्यांनी विचारलं, "त्यो क्याप्टन बंगालचा का?"

"तिकडच्या बंगालचा. बांगलादेशचा."

"मासे खाणारा माणूस. इथं काय जेवत असंल बिचारा?"

तिला हसू फुटलं. हात धुवत असतानाच कुलथेंचा फोन आला. दिल्ली तयार झाली होती, पण मोजून. नाव आमची आहे आणि माल आमच्या किनाऱ्यावर चढला असावा, एवढं म्हणायचं, त्यापुढं नाही. "तुम्हीच बोला," कुलथे म्हणाले. "दुपारी त्यांच्याशी तुम्हीच बोलला होतात. मी शेजारी बसतो."

सकाळी हॉलमध्ये सगळे जरा आखडूनच बसले होते. बांगलादेशच्या बाजूला त्यांच्याच शिष्टमंडळातला, ढाक्याचा एक तरुण अधिकारी होता. त्याच्यासमोर कागदांचा गठ्ठा होता. रात्रीतून तयारी झाली होती, हे उघड होतं. निलंतीबाईंनी सत्र सुरू करताच सुकेशनीनं बोलायला परवानगी मागितली.

"काल कॅप्टन आलम यांच्या नौकेनं आमची चौदा माणसं वाचवली. त्यांचे आभार मानते. नाव आमच्या देशाची आहे. त्या नावेत बंदी असलेला माल सापडला, तो आमच्या किनाऱ्यावर चढला असावा. कुणी चढवला हे आम्ही शोधू आणि जे सापडेल ते तुम्हाला कळवू."

ती खाली बसली. तरुण अधिकाऱ्यानं आपल्या कागदांकडे बघितलं. त्या कागदांत जो आरोप होता, तो समोरून आधीच मान्य झाला होता. त्यानं शफीउलकडे बघितलं.

शफीउल सावकाश बोलले. "तो माल आमच्याकडे उतरणार होता. म्हणजे आमच्या किनाऱ्यावर कुणीतरी त्याची वाट बघत बसला होता. बाटल्या स्वतःहून बाजारात जात नाहीत." तरुण अधिकाऱ्यानं टेबलाखालून त्यांच्या गुडघ्याला हात लावला. शफीउलनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "तो माणूस आम्हीही शोधू. आणि सापडला तर तुम्हाला कळवू."

हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निलंतीबाईंनी फक्त विचारलं, "हेच लिहायचं का?"

लिहायला मात्र उरलेले दोन्ही दिवस लागले. 'कळवील' म्हणायचं की 'कळवू शकेल', यावर एक दुपार गेली. माणसं आधी तराफ्यावर उतरवायची आणि रिकाम्या नावेचीच झडती घ्यायची, हे शफीउलनी स्वतः लिहून दिलं आणि ते जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. नावेत जे सापडेल ते दोन्ही बाजूंनी एकमेकांना सांगायचं, स्वतःच्या गैरसोयीचं असलं तरी, हेही राहिलं. पण मदतीसाठी एका देशाच्या नौकेनं दुसऱ्याची हद्द ओलांडायची मुभा, मुळात भारतानंच मागितलेली, दिल्लीनं काढून टाकली. ढाक्यानं सगळ्याच मसुद्याला एका वर्षाची अट घातली, चाललं तर पुढं चालवू म्हणून. मासेमारांचे जुने तंटे यात आणायचे नाहीत, हे श्रीलंकेनं आधीच बजावलं होतं, त्यामुळे ते तसेच राहिले. शेवटी हातात उरलं ते हेच एक कलम, आणि दर सोमवारी तिन्ही नियंत्रण कक्षांनी एकमेकांना फोन करायचा, काही काम असो वा नसो.

"एवढ्यासाठी विमानानं आलो," निलंतीबाई सह्या झाल्यावर हसत म्हणाल्या.

कुलथे म्हणाले, "मी याहून कमी घेऊनही परत गेलोय."

चौदांपैकी बारा जण महिन्याभरात घरी परतले. नाव चालवणारा तांडेल आणि त्याचा मेहुणा तिकडं अडकले. तेवढं न्याय्यच होतं, असं सुकेशनीला वाटलं. इकडं माल चढवणारा एक दलाल पकडला गेला. तिकडं घेणारा निसटला, आणि शफीउलनी तेही फोनवर सांगितलं. आवाजात ओशाळेपणा होता, पण त्यांनी सांगितलं.

सोमवारचे फोन सुरुवातीला फार अवघडलेले असत. हवामान, वारा, काही नाही, धन्यवाद. मग हळूहळू दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे आवाज ओळखू यायला लागले. फोन उचलल्यावर कोण बोलतंय ते विचारावं लागेना. सुकेशनीच्या कक्षातला एक अधिकारी पलीकडच्याला 'दादा' म्हणायला लागला, आणि हे नियमात कुठं बसतं ते कुणी शोधलं नाही.

फेब्रुवारीत बांगलादेशची एक नाव वाहत भारताच्या हद्दीत आली. सुकेशनी हल्दियाला नियंत्रण कक्षात होती. आपल्या नौकेच्या कप्तानानं बिनतारीवर विचारलं, "मॅडम, संशयास्पद वाटतेय. नावेवर चढू?"

तिचा हात बटणावर थांबला. चढा म्हणणं सोपं होतं. समोर आपली माणसं होती, आणि त्या नावेत कोण आहे ते तिला माहीत नव्हतं. कॅप्टन शफीउलना पुलावर उभं राहून काय वाटलं असेल, ते तिला आत्ता पुरतं कळलं.

"चढू नका," ती म्हणाली. "तराफा सोडा. आधी माणसं घ्या."

नऊ माणसं उतरली. नावेत मासे होते आणि एक बंदी घातलेलं बारीक छिद्रांचं जाळं होतं, बाकी काही नाही. एका म्हाताऱ्याला ताप होता. तिनं स्वतः शफीउलना फोन लावून सगळं सांगितलं, म्हाताऱ्याचं नावही. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं, घरी कळवायला.

"जाळं परत द्याल ना?" मग त्यांनी विचारलं. "गरीब माणसं आहेत."

"जाळं जप्त होणार, कॅप्टनसाहेब. तुमच्याकडेही ते बंदच आहे."

"आमच्याकडे समज देऊन सोडतो आम्ही."

"इथं नाही सोडत."

ते दोघं त्यावर बराच वेळ भांडले. आवाज चढले, उतरले. जाळ्याचं काही ठरलं नाही. म्हाताऱ्याला दवाखान्यात हलवल्याचा निरोप आला तेव्हा तिनं तो पलीकडे सांगितला. शफीउल 'बरं' म्हणाले, आणि पुन्हा जाळ्यावर आले.